लाल झारी

सुध्या,

तुझ्या फोटोसाठी हार आणायचं काम माझ्याकडे आलेलं. मी आपला शिस्तीत फ्रेमचं माप घेतलं, कल्याणच्या फुलबाजारात गेलो, टेप लावून हार निवडला, आणि घरी आणून घातला तर वीतभर लांब. खालच्या मेणबत्त्यांना टेकायला लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझी नीतू डोळे पुसत म्हणाली, "काका, राहू दे. पप्पांना कमी पडलेलं आवडायचं नाही, जास्त झालेलं चालायचं." पोरगी किती खरं बोलतेय ते तिला माहीत नव्हतं. तेव्हा मलाही नव्हतं.

पुण्यानुमोदनाला हॉलमध्ये माणसं मावली नाहीत. तुझ्या कारखान्यातले फिटर आले, मोहन्याहून तुझी मोठी बहीण आली, ठाण्याच्या आमच्या कोळीवाड्यातून माझे दोघे भाऊ आले. भाषणं झाली. एकाने तुला "शांत, मितभाषी" म्हटलं आणि मला मागच्या रांगेत ठसका लागला. तू आणि मितभाषी! रिक्षावाला, केबलवाला, बिल्डिंगचा सेक्रेटरी, कोणाला सोडलंस तू? दुसऱ्या एकाने शरीर म्हणजे गाडीच असते, इशारे ओळखावे, वगैरे सुरू केलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो एकदम तथागतांवर गेला. तुझ्या छातीत काही लाल दिवा लागला नव्हता रे. आणि लागला असता तरी तू म्हणाला असतास, काही नाही, स्विच खराब आहे.

मग मला बोलायला सांगितलं. मी माईक धरला, "सुधाकर माझा..." एवढं म्हटलं आणि खाली बसलो. तिथे बोललो नाही ते आता लिहितोय. तुला जाऊन वीस दिवस झालेत आणि सांगायचं बरंच साठलंय. वाचताना मध्ये मध्ये बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला पूर्ण वाक्य बोलायला मिळतंय.

आपण एकाच वर्षी रिटायर झालो. तू एमआयडीसीतल्या कारखान्यातून, मी शाळेच्या प्रयोगशाळेतून. तळमजल्यावर तू, दुसऱ्या मजल्यावर मी, आणि बिल्डिंगखाली पार्किंगची एकच जागा रिकामी. "दोघांनी दोन गाड्या घेऊन एक काय गच्चीवर लावायची?" तू म्हणालास, आणि आपण दहा वर्षं जुनी पांढरी गाडी निम्मी निम्मी घेतली. डोंबिवलीत भाऊभाऊ एक बादली वाटून घेत नाहीत आणि आपण गाडी घेतली. कागद तुझ्या नावावर केले, कारण तुझी सही दरवेळी सारखी येते आणि माझी मलाच ओळखू येत नाही. माझी आई होती तेव्हा. ती कोळीवाड्यातून मुद्दाम आली, बॉनेटला हळदकुंकू लावलं, म्हणाली, "बाय हाय ती. नीट सांभाला." तू हळदकुंकवातला नव्हेस, पण आईपुढे हात जोडून गप्प उभा राहिलास. ती वर चहाला गेल्यावर हळूच फडकं काढून पुसलंस, रंगाला डाग पडतो म्हणून. नाव मात्र तेच राहिलं. बाय.

पहिल्याच महिन्यात मी उत्साहाने बॉनेट उघडलं, ऑइलची डिपस्टिक काढून बघितली आणि परत घालताना ती अर्धीच आत गेली. टिटवाळ्याला जाऊन आलो. बॉनेट उघडलंस तर आत सगळीकडे ऑइलचा शिडकावा. तू मला एक शिवी दिली नाहीस, तेच जास्त लागलं. नुसता म्हणालास, "हऱ्या, आजपासून बॉनेटच्या आत माझं, बाहेर तुझं." झाली वाटणी. ऑइल, पाणी, प्लग, बेल्ट तुझ्याकडे. धुणं, हवा, आरटीओ, पासिंगचे कागद माझ्याकडे. आठ वर्षं मी बॉनेटला हात लावला तो फक्त पुसायला.

आणि आपली ती दर वेळची प्रार्थना! मी चालवायला असलो की किल्ली अर्धी फिरवायची. समोरच्या पॅनेलवर ऑइलचा लाल दिवा लागायचा, त्यावरचं चित्र झारीसारखं, तोटीतून एक थेंब पडतोय. मी म्हणायचं, "लागला." मग इंजिन सुरू करायचं. दोन सेकंदांत झारी गेली की तू शेजारच्या सीटवरून म्हणायचास, "विझला." तोपर्यंत गिअर टाकायचा नाही. मी एकदा विचारलं, विझल्याशी मतलब, लागला कशाला बघायचा? तू कपाळाला हात लावलास. "आधी लागलाच पाहिजे रे. म्हणजे बल्ब जिवंत आहे, वायर जिवंत आहे. कधीच न लागणारा दिवा बघून खूश होणारा माणूस इंजिन जाळून बसतो." तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी पार्किंगवरच उघडते. कुसुमवहिनी आतून ओरडायच्या, "झाली का आरती? निघा आता!"

लाल दिव्याचे पाढे तर तू मला रस्त्यात कुठेही विचारायचास.

"चालत्या गाडीत झारी लागली. काय करायचं?"

"बाजूला घ्यायची. इंजिन बंद."

"घर जवळ आहे, दोन मिनिटांवर. मग?"

"तरी बंद. दोन मिनिटांत इंजिन जातं."

"शाब्बास. मग?"

"सपाट जागा. दहा मिनिटं थांबायचं, ऑइल खाली उतरू द्यायचं. मग डिपस्टिक."

"आधी गुगल नाही?"

"आधी डिपस्टिक."

"मग खाली वाकून बघायचं, कुठे गळतंय का. मग वायर, मग दिवा लावणारा स्विच. आणि तरी कळलं नाही तर स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावायचा आणि खरं प्रेशर मोजायचं. अंदाजपंचे इंजिन उघडायचं नाही."

हे सगळं तू मला शिकवलंस. मला, ज्याला डिपस्टिकला हात लावायला बंदी! पोहायला शिकवायचं आणि पाण्यात उतरू द्यायचं नाही, असला मास्तर तू.

आणि मग गेल्या महिन्यात ती लागली. नीतूकडून परत येत होतो, घोडबंदर रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. मागे तुझ्या नातवाची सायकल रिपेरीला घेतलेली, डिकीत माझ्या भावाने दिलेले सुके बोंबील. गाडी जागच्या जागी उभी, काचा खाली, तू बोंबलांवरून मला टोमणे मारत होतास, आणि पॅनेलवर झारीने डोळा मारला. मी ॲक्सिलेटर जरा दाबला, गेली. सोडला, परत लागली.

"स्विच," तू म्हणालास.

"अरे, आधी बाजूला..."

"हां हां, बाजूला घे. पण स्विचच आहे."

बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो. तू डिपस्टिक काढलीस, नॅपकिनने पुसलीस, परत घातलीस, काढलीस, आभाळाकडे धरलीस. आधी लांब, मग नाकाजवळ, मग परत लांब. मला वाटलं, हा आता नाटक करतोय. "एकदम बरोबर," तू म्हणालास आणि खटकन बॉनेट लावलंस. तो सीन मी आता रोज आठवतो.

तू स्विच बदललास. झारी लागायची ती लागतच राहिली. गाडी तापली आणि सिग्नलला थांबली की मिचमिच सुरू. तू म्हणालास नवा स्विचही नकली निघाला. मी तोपर्यंत गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक तीनदा वाचलेलं, मोबाइलवर दहा व्हिडिओ बघितलेले. जुनं इंजिन, गरम झाल्यावर प्रेशर कमी, म्हणजे आत बेअरिंग झिजलं किंवा पंप गेला. मी तुला समजावायला आलो तर तू म्हणालास, "तू साधी शिंक आली तरी विल करणारा माणूस." तरी तू जुन्या कारखान्यातल्या एका दोस्ताकडून काट्याचा गेज मागून आणलास. रविवारी लावायचा ठरला. रविवारपर्यंत थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण थांबणारे आपण नव्हेत.

बुधवारी जिन्यात गाठ पडली आणि जुंपली. मी म्हणालो, "सुध्या, तुझं इंजिन संपलंय. मान्य कर आणि घाल भंगारात." तू म्हणालास, "तू उतर गाडीतून. माझी निम्मी मी चालवीन." मी म्हणालो, "कुठली निम्मी?" तू म्हणालास, "जिच्यात इंजिन आहे ती!" आणि दार लावून घेतलंस. आता हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. गुरुवारी मी तुझ्या दारावरून दोनदा गेलो आणि बेल वाजवली नाही. शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता तू गेलास. माझं तुझ्याशी शेवटचं वाक्य, आठ वर्षांच्या संसारातलं, "घाल भंगारात."

रडलो, हो. आमच्या हिने, मंदाने, मला बाथरूममधून बाहेर काढलं.

पण खरी गंमत पुढे आहे. गेल्या गुरुवारी कुसुमवहिनींनी मला खाली बोलावलं. नीतू आईला घोडबंदरला घेऊन जायचं म्हणतेय, तिथे टॉवरमध्ये पार्किंगची जागा एकच. वहिनी म्हणाल्या, "भावजी, रविवारी भंगारवाला येतोय गाडी न्यायला. तुम्ही त्यांना सांगत होतात ना, भंगारात घाला म्हणून. मी ऐकलेलं दारातून. तुम्हीच जाणकार, मला काय कळतंय त्यातलं."

मी जाणकार! सुध्या, तू असतास तर जमिनीवर लोळला असतास. मला म्हणता आलं असतं, वहिनी, नका देऊ. पण कशाच्या जोरावर? मीच बोललेलो. गाडी तुझ्या नावावर, म्हणजे आता त्यांची. इंजिन खरंच गेलेलं असेल तर त्या एकट्या बाईच्या दारात मी मुडदा ठेवतोय. आणि गेलेलं नसेल, तर माझ्या एका तोंडाळ वाक्याने बाय तोडली जाणार. माझ्याकडे दोन दिवस होते.

शनिवारी सकाळी किल्ली घेऊन खाली गेलो. बॉनेटसमोर उभा राहिलो. खरं सांगतो, हात पुढे होईना. आठ वर्षांची हद्द. मी मोठ्याने म्हणालो, "सुध्या, आत येतोय." वॉचमनने वळून बघितलं.

मग स्वतःला पाढे विचारले. जागा सपाट. इंजिन गार, दोन आठवडे कोणी चालू केलं नव्हतं. आधी काय? आधी डिपस्टिक. वाचायचा चष्मा लावला, काढली, पुसली, पूर्ण आत घातली, होय रे पूर्ण, परत काढली.

डिपस्टिकवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये पाहिजे. आपल्या बायचं ऑइल वरच्या खुणेच्या वर दोन बोटं होतं. मला वाटलं उलटी धरली. परत पुसली, परत बघितली. दोन बोटं वर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तू स्विच बदललास, मी बेअरिंग काढायला निघालो, आणि ज्या गोष्टीने सुरुवात करायची असं आपण रोज घोकायचो ती नीट बघितली कोणीच नाही.

सुध्या, आता कान इकडे कर. एक कबुली आहे.

दिवाळीच्या आधीचा रविवार, आपली दर रविवारची तपासणी. तू डिपस्टिक काढलीस, बघितलीस, "बरोबर" म्हणालास. मी बाजूलाच उभा. मला चष्म्याशिवायही दिसत होतं, नुसतं टोक ओलं होतं. मला बोलायला पाहिजे होतं. पण बॉनेटच्या आत तुझं. आणि तू ज्या ऐटीत "बरोबर" म्हणालास, मला तुझा पचका करायचा नव्हता. म्हणून मी ऑइलचा एक छोटा डबा आणला, मीटरच्या पेटीमागे लपवला, आणि तू दर बुधवारी बहिणीला भेटायला लोकलने मोहन्याला जायचास तेव्हा गुपचूप अर्धा कप ओतायचो. दर बुधवारी. मोजून. डिपस्टिक न बघता! मी, जन्मभर पोरांना "आधी वाच, मग ओत" सांगणारा. म्हातारी ऑइल पिते, जुन्या गाड्या पितातच, तेव्हा अर्ध्या कपाने काय होतंय, असं माझं शास्त्र.

मी डिपस्टिक धरून असा ठोंब्यासारखा उभा, तेवढ्यात खिडकीतून वहिनींनी बघितलं आणि चहा घेऊन बाहेर आल्या. "काय झालं, भावजी?"

मी सांगितलं. ऑइल जास्त झालंय. माझा बुधवारचा अर्धा कपही सांगून टाकला.

वहिनींनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "हे पण घालायचे की."

"काय?"

"रविवारी. तुम्ही यायच्या आधी. माझ्या जुन्या कान तुटक्या कपाने, अर्धा कप. ओट्याखाली डबा आहे, दाखवू का?" आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "एकदा यांची कंबर धरलेली तेव्हा मी पण घातलं. आजारी आहे बिचारी म्हणून जरा जास्तच ओतलं."

मग आम्ही हसलो, सुध्या. काय हसलो! तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने खिडकी उघडून बघितलं, की अजून महिनाही झाला नाही आणि यांचं काय चाललंय. वहिनी बॉनेटला धरून हसत होत्या. आईने ज्या बायला सांभाळायला सांगितलं, तिला आपण तिघांनी मिळून पाजून पाजून मारत आणलेलं. अति तिथे माती, दुसरं काय.

हसता हसता मी विचारलं, "पण तो रविवारी डिपस्टिक बघायचा ना? आभाळाकडे धरून?"

वहिनींनी चहाचा कप बॉनेटवर ठेवला. "त्यांना दिसायचंच नाही हो ते, कमी पडू नये म्हणून अंदाजाने ओतायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीआधीच कळलेलं. ऑपरेशन करू करू म्हणत पुढे ढकलत होते. मला शपथ घातलेली, हऱ्याला सांगायचं नाही. म्हणायचे, त्याला कळलं की तो बॉनेट माझ्याकडून काढून घेईल. मग आम्ही दोघं रविवारी खाली करणार काय?"

गधड्या. अरे गधड्या! वर्षभर तू गाडी चालवली नाहीस, मला म्हणायचास, "तू चालव, तुझा हात साफ होऊ दे," आणि मी मनात फुशारलेलो की चला, मास्तरांचा भरवसा बसला. रात्रीचं नीतूकडून निघायला तू नको म्हणायचास, मला वाटायचं तिथल्या जंगलातल्या बिबट्याला घाबरतोस. समोर दिसत होतं सगळं आणि मी चष्मा लावून आंधळा. मी तुझा मान राखायला गप्प बसलो, तू तुझी रविवारची सोबत राखायला गप्प बसलास, आणि दोघांनी मुकाट्याने ऑइल ओतलं. एकाने जरी तोंड उघडलं असतं! जन्मभर आपण कशावरून भांडलो नाही सांग, आणि भांडायला पाहिजे होतं तिथे दोघंही शहाणे झालो.

मी पार्किंगमध्ये उभा राहून रडलो. वहिनींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय. आणि आता हिचं काय करायचं ते सांगा."

करायचं काय ते मला येत होतं. ऑइल सोडायचा चेंबरचा नट खोलायला गाडीखाली शिरलो असतो तर माझं पोट अडकून दुसरं पुण्यानुमोदन करावं लागलं असतं. पण मी लॅबचा माणूस आहे. वरून मोठी सिरिंज, सलाईनची नळी आणि रिटायर होताना शाळेने दिलेलं काचेचं मोजपात्र घेऊन आलो. डिपस्टिकच्या भोकातून नळी आत सोडली आणि ओढत बसलो. वहिनी मोजपात्र धरून. एक लिटर आणि वर दोनशे मिली निघालं. तुझं किती, माझं किती, ते मोजपात्रालाही सांगता येईना.

वहिनींनी विचारलं, ऑइल जास्त झालं तर दिवा कमीचा कसा लागतो? मी सांगितलं, तुझ्या स्टाइलने सांगितलं, हात नाचवत. ऑइल फार वर आलं की आत फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि रवीसारखा घुसळत बसतो. त्याचा फेस होतो. पंप ऑइलऐवजी फेस ओढतो, आणि फेसाला कसलं प्रेशर? गरम झालं, इंजिन हळू फिरायला लागलं की प्रेशर पडतं आणि झारी लागते. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दिवा खोटं बोलत नव्हता."

नव्हता. मी तेच म्हणत होतो. आणि इंजिन? तू म्हणायचास ते ठणठणीत आहे, ते खरं ठरायचं होतं.

ड्रायव्हर सीटवर बसलो. किल्ली अर्धी फिरवली, झारी लागली. सवयीने म्हणालो, "लागला." सुरू केलं. एक, दोन, गेली. गाडीत कोणी काही बोललं नाही. तुझा शब्द होता तो, मी म्हटला नाही. गिअर टाकायचा नव्हता म्हणून बरं. अर्धा तास जागच्या जागी चालू ठेवली, पंखा दोनदा फिरून बंद झाला, इंजिन चांगलं तापलं, झारी आली नाही. तरी माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. म्हणून संध्याकाळी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून घुसळलेलं सगळं ऑइल काढून टाकलं, नवीन भरलं, फिल्टर बदलला, आणि डिकीत तुझ्या नॅपकिनात गुंडाळलेला गेज लावायला लावला. गरम इंजिनवर काटा जिथे पाहिजे तिथे उभा. गॅरेजवाला म्हणाला, "काका, इंजिन तर एक नंबर आहे. ठेवलंय कोणी एवढं?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, सुधाकर. मोठ्याने.

तेव्हा सुध्या, निकाल असा: इंजिन ठणठणीत, तू बरोबर. दिवा खरा, मी बरोबर. आणि दोघंही महामूर्ख, त्यात वाद नको. "घाल भंगारात" हे मी परत घेतो. बेल वाजवली नाही त्याबद्दल माफ कर. मला तुझी सोबत हवी होती, गाडी तर निमित्त होतं. हे मी तुला आठ वर्षांत एकदाही म्हणालो नाही, आणि तूही मला म्हणाला नाहीस, कपाने ओतत बसलास.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. वहिनींनी त्याला तुझा मोडका टेबल फॅन दिला, जो तू पाच वर्षं दुरुस्त करणार होतास, आणि वाटेला लावला.

काल बुधवार होता. तुझा मोहन्याचा दिवस. वहिनींना नणंदेला भेटायचं होतं, मी म्हणालो सोडतो. त्या पुढे बसल्या, तुझ्या सीटवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. निघताना मी काहीच म्हटलं नाही, गुपचूप किल्ली फिरवली. पत्रीपुलाशी गाड्या तुंबलेल्या, ऊन मरणाचं, इंजिन तापलेलं. आम्ही दोघंही रस्ता सोडून पॅनेलकडे बघत होतो. झारी आली नाही. शहाड ओलांडून मोहन्यात आलो, तुझ्या बहिणीकडे जेवलो, आणि परतताना वहिनी म्हणाल्या, जरा त्या जुन्या रेयॉन कारखान्याच्या गेटापाशी थांबवा. तुझे वडील जिथून ड्युटी संपवून बाहेर यायचे, आणि तू शाळेतून पळून त्यांचा डबा धरायला उभा असायचास, ते गेट. आता आत झुडपं आहेत. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला.

वहिनी म्हणाल्या, "नीतूकडे मी जाऊन येऊन राहीन. घर नाही सोडत. आणि भावजी, रविवारी डिपस्टिक मी बघणार. माझे डोळे चांगले आहेत. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

"आणि ऑइल?"

"विचारल्याशिवाय कोणी थेंब घालायचा नाही."

गाडीत बसलो. माझं लक्ष त्या गेटाकडे होतं. किल्ली अर्धी फिरवली आणि तोंडातून आपसूक निघालं, "लागला." मग जीभ चावली. इंजिन सुरू केलं आणि मान खाली घालून बसलो, बाजूला बघवेना.

एक. दोन.

"विझला," वहिनी म्हणाल्या. "टाका गिअर."